भिकूचं बोट

वैशाख निम्मा सरला की खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला चव येते. वास म्हणत नाही मी, चवच. ओठांवरून जीभ फिरवली की कळते. नौपाड्यात माझ्या ओटीवर बसून दर वर्षी मी ती घेतो आणि घरातली माणसं आपसांत म्हणतात, यांना ऊन बाधलं. बाधलं असेलही. कळव्याकडे मिठाचे ढीग उभे राहू लागतात, दुपारी त्यांच्याकडे डोळे उघडून पाहवत नाही, आणि त्याच सुमारास माझ्या कानात एक आवाज सुरू होतो. आवाज आठ-नऊ वर्षांच्या पोराचा, पण येतो पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या घशातून. फार बोलत नाही तो. "ती काय, तिकरं," एवढंच म्हणतो आणि गप्प होतो.

ते पोर मी कधी पाहिलं नाही. माझी-त्याची गाठ पडली तेव्हा ते या जगात नव्हतं. तरीही मिठाच्या पाण्यानं त्याच्या टाचांना पडलेल्या भेगा मला ठाऊक आहेत, अडलं की खालचा ओठ दातांत धरायची त्याची खोड ठाऊक आहे, आणि उठताना आधी एक हात जमिनीला टेकायची लकबही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मास्तरकी करणाऱ्याला ती चैन परवडत नाही. वर्गात समोर बसलेली जिवंत भुतं त्याला पुरून उरतात. पण भिकूला काय म्हणावं, हे इतकी वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही.

यंदाही मास्तरांचा वर्ग भरला आहे. शाळांना सुटी लागली की आसपासच्या गावांतल्या मास्तरांना ठाण्यात बोलावून शिकवायचं, हे काम आता माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं, शिकवणाऱ्यांना शिकवणं सोपं. त्यांनी एकदा येऊन बघावं. मास्तराइतका नाठाळ विद्यार्थी ब्रह्मदेवानं दुसरा घडवलेला नाही. तो ऐकत नाही, कारण जन्मभर दुसऱ्यांनी त्याचं ऐकलेलं असतं. फळ्यावर लिही म्हटलं तर अक्षर घोटत बसतो, प्रश्न विचारला तर उत्तर सोडून आपल्या गावची हकिकत सांगतो, आणि दुपारी जेवण झाल्यावर जो झोपतो तो पाठ ताठ आणि डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतो. मीही असाच झोपायचो. पालथ्या घड्यावर पाणी असं आपण पोरांना उद्देशून म्हणतो. ती म्हण करणारा मास्तरच असणार, आणि स्वतःचा घडा त्यानं पाहिलेला नसणार.

माझ्या वेळी हा वर्ग बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका धर्मशाळेत भरला होता. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत हाताखालचा मास्तर, वयानं सगळ्यांत लहान. बाकीचे बहुतेक जुने पंतोजी. धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेणारे, संध्याकाळी परवचा म्हणवून घेणारे, हातात छडी नसली की हाताचं काय करावं हेच न कळणारे. हुकूम असा होता की ज्याला नव्या पद्धतीनं शिकवण्याचा दाखला मिळेल त्याची शाळा त्याच्याकडे राहील, ज्याला मिळणार नाही त्यानं ती शिकून आलेल्या दुसऱ्या मास्तराच्या हवाली करायची. पन्नाशीच्या माणसाला असा हुकूम म्हणजे काय, हे मला तेव्हा समजत नव्हतं. मला वाटायचं, सुटीभर ठाण्यात राहायचं, ताडगोळे खायचे, दाखला घेऊन घरी जायचं.

ताडगोळे मात्र तसे पुन्हा मिळाले नाहीत. अंगठा खुपसला की गार पाण्याची चिळकांडी थेट सदऱ्यावर. येऊरच्या डोंगरातून ठाकरणी पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन यायच्या आणि ती खाऊन सगळ्या पंतोजींच्या जिभा जांभळ्या व्हायच्या. धर्मशाळेची कौलं तापायची, सारवलेली जमीन दुपारी पायाला बरी वाटायची, मागच्या दोरीवर आमचे पंचे वाळत असायचे आणि त्यांच्या पलीकडे कोणाच्या तरी अंगणात सुके बोंबील. वारा फिरला की आमच्यातले सोवळे मास्तर उपरणं नाकाला लावून पावकी-निमकी म्हणायचे. आगगाडीची शिट्टी झाली की सगळे क्षणभर बोलायचे थांबत. ती आता अंगवळणी पडली आहे. तेव्हा ऐकावीशी वाटायची.

वर्गाचे मुख्य पुण्याला शिकून आलेले होते. त्यांना आम्ही पाठीमागे पुणेकरच म्हणत असू, आणि ते त्यांना ठाऊक होतं. किरकोळ अंगाचे, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांची पंचाईत झाली. पाठ कसा द्यावा हे शिकवायचं तर समोर मुलं हवीत, आणि मुलं सगळी मामाच्या गावाला गेलेली. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुम्हीच मुलं व्हा. पण हुशार व्हायचं नाही. आपापल्या शाळेतलं एक पोर आठवा, ज्याच्यापुढे तुम्ही हात टेकलेत. वर्ग संपेपर्यंत इथे ते पोर होऊन बसायचं. ते देईल तेच उत्तर द्यायचं, ते अडेल तिथेच अडायचं. पाठ देणारा तेवढा फळ्यापाशी, बाकी सगळी पोरं."

आधी मोठा हशा झाला. डोंबिवलीचे बापूराव, ज्यांच्या पोटावर उपरणं ठरायचं नाही, ते गोंद्या नावाचं व्रात्य पोर झाले आणि मोकाट सुटले. पुढच्याच्या शेंडीला दोरा बांध, शेजाऱ्याला चिमटा काढ, वर आपणच गळा काढ. मी वाचताना अडखळणारा एक पोरगा घेतला होता. पण चार-आठ दिवसांत गंमत ओसरली आणि भलतंच काही होऊ लागलं. जन्मभर उभे राहून शिकवत आलेल्या त्या लोकांना जमिनीवर बसल्यावर कळलं की खालून फळा फार उंच दिसतो. मास्तर त्रासून 'अरे' म्हणाला की ते पाठीत कुठे बसतं, हेही कळलं. एका पंतोजींच्या डोळ्यांत असंच कोणी खेकसल्यावर खरोखर पाणी आलं, आणि ते पोराचं की त्यांचं स्वतःचं, हे त्यांना सांगता येईना.

दाजीपंत माझ्या शेजारी बसायचे. कळव्याच्या पुढे खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यांच्या एका गावात त्यांची शाळा. उंच, खांद्यात वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकदा सहज विचारलं, "दाखला नाही मिळाला तर काय कराल, पंत?" ते म्हणाले, "काय करणार? दुसरं मला काही येत नाही, आणि हेही येत नाही असं सरकारचं म्हणणं आहे." मला हसू आलं. ते हसले नाहीत.

त्यांनी घेतलेलं पोर म्हणजे भिकू. भिकू म्हणून बसले की ते पाय पोटाशी घ्यायचे आणि इतके लहान दिसायचे की मला बाजूला सरकून त्यांना जास्तीची जागा द्यायची गरजच पडत नसे. पहिल्या काही पाठांत भिकू बोललाच नाही. मग नकाशाचा पाठ आला.

नकाशा ही पुणेकरांची नवलाई होती; दाजीपंतांसारख्या एखाद्याच्याच शाळेत तो पोचला होता. कापडावर चिकटवलेला ठाणे जिल्हा भिंतीवर खुंटीला टांगलेला, वर लाकडी दांडी, खाली लाकडी दांडी. पाठ देणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "भिकू, ठाण्याची खाडी कुठे आहे, दाखव बघू." दाजीपंतांनी एक हात जमिनीला टेकला आणि ते उठले. नकाशाकडे गेलेच नाहीत. सरळ दारापाशी गेले, उंबऱ्यावर उभे राहिले, बाहेर रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "ती काय, तिकरं."

आम्ही पोट धरून हसलो. बोट तर अगदी बरोबर होतं. रस्त्याच्या टोकाला बंदर आणि बंदरापुढे खाडी. पण विचारलं होतं ते नकाशावर. "नकाशावर रे, नकाशावर," मास्तर म्हणाले. भिकूनं नकाशाकडे पाहिलं, खालचा ओठ दातांत धरला, आणि तो पुन्हा दाराकडे गेला.

त्या दिवसापासून जो तो भिकूच्या मागे लागला. कोणी निळी रेघ गिरवून दाखवली. कोणी खाडीची गोष्ट सांगितली. कोणी रागावून पाहिलं, कोणी गूळ देऊ केला. बापूराव आपल्या पाळीला भिकूचा हात धरून त्याला नकाशापाशी घेऊन गेले, त्याचं बोट निळ्या रेघेवर दाबलं आणि म्हणाले, "ही खाडी. म्हण, ही खाडी." भिकू म्हणाला, "ही खारी." "शाबास. आता सांग, खाडी कुठे आहे?" भिकू दाराकडे निघाला. बापूराव कपाळाला हात लावून खालीच बसले.

पुणेकर हसायचे थांबले होते. त्यांनी विचारलं, "दाजीपंत, हे पोर खरंच असं करायचं?"

"होय."

"मग याची वाट काढल्याशिवाय मी कोणाला सोडणार नाही. असं एक पोर प्रत्येक शाळेत असतं." आणि मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती मी आजही माझ्या मास्तरांना सांगतो. "प्रश्न विचारलात की थांबा. उत्तर पोटातून तोंडाशी यायला वेळ लागतो. आपण थांबत नाही, पुढच्याला विचारतो, आणि मग म्हणतो हे मठ्ठ."

एका दुपारी दाजीपंत आणि मी बंदरावर पिंपळाखाली बसलो होतो. ओहोटी लागलेली, चिखलातून खेकडे पळत होते, पलीकडे मिठागरांत बायका टोपल्या वाहत होत्या. मी म्हटलं, "पंत, तुमच्या भिकूला एकदा बघायला हवं. आता कितवीत आहे?"

दाजीपंत ताडगोळा सोलत होते. "नाही रे विनायक. गेला तो. पटकीत. दोन पावसाळे झाले." मग सोललेला ताडगोळा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बापूरावांना सांगू नकोस. त्यांची गंमत जाईल."

त्यानंतर माझं हसणं संपलं. रोज माझ्या शेजारी कोण बसतंय, हे मला ठाऊक झालं होतं. दाजीपंत टाच खाजवायचे तेव्हा मी त्यांच्या टाचेकडे बघायचो. ती गुळगुळीत होती, ब्राह्मणाची, वहाणा वापरणाऱ्याची. पण बोटं भेगा चाचपडत असल्यासारखी फिरायची. वर्ग सुटल्यावर त्यांचा स्वतःचा आवाज परत यायला वेळ लागायचा. एकदा विहिरीवर मी विचारलं, "पोहरा कुठे ठेवलात?" आणि ते म्हणाले, "त्यो काय, तिकरं." मागे वळून पाहिलं तर चेहरा त्यांचाच होता. मला भीती वाटली. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, चारचौघांत भीती वाटली.

मी म्हटलं, "पंत, दुसरं एखादं पोर घ्या ना. पुणेकर काही म्हणायचे नाहीत."

ते म्हणाले, "दुसऱ्या कोणाला मी इतकं पाहिलेलं नाही. आणि यालासुद्धा पाहिलं ते तो गेल्यावर. आठवून आठवून."

हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. मी आता वर्ग घेतो तेव्हा समोर बसवायला मुलं मिळोत वा न मिळोत, मास्तरांना आपल्या शाळेतलं एकेक पोर व्हायला लावतो. वरचे साहेब म्हणतात, हा काय पोरखेळ. म्हणोत बापडे. मी समोर बसून बघतो. बहुतेकांची नक्कल ढोबळ असते: शेंबूड ओढायचा, डोकं खाजवायचं, झालं. रोज समोर बसणाऱ्याला नीट कोण बघतं? पण एखाद्या वर्षी एखादा मास्तर पोर होऊन बसतो आणि त्याचं पोर फार बारीक असतं. पापणी कशी लवते, गिळताना गळा कसा हलतो, सगळं. मग मी त्याला त्याच्या पोराबद्दल काही विचारत नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या मास्तराकडे पाहतो, आणि त्याला कळलंय का, याचा अंदाज घेतो.

वर्ग संपत आला तेव्हा परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले. सडपातळ, करड्या मिशांचे, घामानं बेजार झालेले. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि दाजीपंतांच्या वाट्याला नकाशाचा पाठ आला. ज्यानं सुटीभर भिकू होऊन नकाशाकडे पाठ फिरवली, त्यालाच तो शिकवायचा होता. बापूराव माझ्या कानात म्हणाले, "म्हाताऱ्याचं काही खरं नाही."

पण पाठ बरा चालला. आवाजात जुना हेल होता, तरी डिप्टीसाहेब मान हलवत होते. दाजीपंतांनी दिशा विचारल्या, उल्हास नदी विचारली, कल्याण आणि भिवंडी दाखवून घेतली. आम्ही पोरं होऊन हात वर करत होतो, मधूनच चुकत होतो, ते सावरून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "ठाण्याची खाडी कोण दाखवतो?"

सगळ्यांचे हात वर झाले. दाजीपंतांची नजर त्या हातांवरून फिरत आली आणि माझ्या शेजारच्या जागेवर थांबली. तिथे त्यांचंच बसकर होतं, रिकामं. ते म्हणाले, "भिकू, तू दाखव."

रोज तिथे बसणारा माणूस तर फळ्यापाशी उभा होता. डिप्टीसाहेबांना आधी वाटलं, ही शिकवण्याचीच काही तऱ्हा असेल. दाजीपंत थांबले. आम्हाला सांगितलं होतं तसं थांबले, आणि मग सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त थांबले. बाहेर कुठेतरी गाडीचं चाक करकरत गेलं. एकेक हात खाली आला. डिप्टीसाहेब म्हणाले, "पंत, पुढे चला." दाजीपंतांना ऐकूच गेलं नाही. त्यांचे डोळे त्या बसकरावर होते आणि चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. उत्तर येणारच आहे, फक्त वेळ लागतोय, अशा चेहऱ्यानं ते उभे होते. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. पुणेकर उठायच्या बेतात आले. मी मनात म्हटलं, गेली यांची शाळा. त्या रिकाम्या जागेकडे मान वळवून बघायचा मला धीर होईना, कारण तिथे कोणी नाही याची मला त्या वेळी खात्री नव्हती.

तेवढ्यात बापूरावांनी एक हात जमिनीला टेकला. तो अवाढव्य माणूस उठला, पाय ओढत दारापाशी गेला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्यानं बाहेर बोट केलं. "ती काय, तिकरं," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. मी बापूरावांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, किंवा कळलं होतं की नाही, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

दाजीपंतांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी नकाशा खुंटीवरून काढला, दोन्ही हातांवर घेतला आणि दाराबाहेर नेऊन पायरीवर उन्हात पसरला. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला येईपर्यंत तो फिरवला. गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "इकडे ये, भिकू. बोट तसंच ठेव. बरोबर दाखवलंस तू. खाडी तिकडेच आहे. आता वर घार फिरतेय बघ. तिला वरून हे सगळं लहान दिसतं. ही आपली पायरी. हा रस्ता. हे बंदर." असं म्हणत त्यांनी बापूरावांचं बोट हळूहळू, मध्ये कुठेही न सोडता, हवेतून कागदावर उतरवलं. "आणि ही ती. तू दाखवलीस तीच."

बापूरावांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "हीच व्हय?"

"हीच."

"आनी आमची मिठाची खार?"

"ही इथे," दाजीपंत म्हणाले, "पाण्याच्या कडेला."

नकाशा पोरासाठी दारापर्यंत न्यावा, हे इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे पोराला नकाशापर्यंत ओढत होतो. डिप्टीसाहेब केव्हा उठून आमच्या मागे उभे राहिले, ते कळलंच नाही. डोळ्यांवर हात धरून ते पायरीवरच्या त्या कागदाकडे बघत होते. दाखला दाजीपंतांना तिथल्या तिथे मिळाला.

बापूराव पुन्हा बापूराव झाले आणि पेढे मागू लागले. पुणेकरांनी कधी नव्हे ते कोणाच्या तरी पाठीवर हात ठेवला. दाजीपंतांनी पेढे दिले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर गावी चल. एकट्यानं जाववत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर आम्ही होडीत बसलो. पाणी गढूळ आणि संथ, काठाची तिवरं निम्मी बुडालेली. होडीवाला पुढच्या टोकाला बसून आपल्याशीच काही गुणगुणत होता. दाजीपंत पाण्याकडे बघत बोलत राहिले.

"डिप्टीची तपासणी होती गावात. मी आदल्या दिवशी भिकूला म्हटलं, उद्या येऊ नकोस. साहेब खाडी विचारणार, हा दाराकडे जाणार, पोरं हसणार, शाळेचा शेरा बिघडणार. सगळेच मास्तर करतात, कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवतात. त्यानं विचारलं, मग कवा येवू? मी म्हटलं, बोलावीन तेव्हा ये." त्यांनी एक हात पाण्यात सोडला. "शेरा चांगला मिळाला. सत्यनारायण केला मी. आणि ते पोर माझ्या डोक्यातून निघूनच गेलं. मग पावसाळा आला, पटकी आली."

मी म्हटलं, "आता तिथे जाऊन काय सांगणार, पंत?"

"सांगायचं काही नाही. बोलवायला जायचं राहिलं होतं."

गावाच्या अलीकडेच मिठागरं लागली. पावसाच्या आत मीठ उचलायची घाई चालली होती. चौकोनी वाफ्यांतलं पाणी आटून वर पांढरी साय धरलेली, बांधावरून बायकांची रांग डोक्यावर टोपल्या घेऊन ढिगाकडे जात होती. ऊन वरून लागत होतं त्याहून जास्त खालून लागत होतं. मी डोळे बारीक करून चालत होतो. दाजीपंत एका बाईपाशी थांबले आणि मला म्हणाले, "ही भिकूची आई."

तिनं टोपली खाली ठेवली आणि पदर सारखा केला. "गुरजी? तुमी इकरं कुठं?" पाणी देऊ का, असं तिनं विचारलं नाही, आमच्यासारख्यांना ते विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. दाजीपंतांनी पागोटं काढून हातात घेतलं. "भिकूला," ते म्हणाले आणि हातातलं पागोटं फिरवत राहिले.

ती आपणच बोलू लागली. आवाजात तक्रार नव्हती. घरी आलेल्या माणसाला घरातलं सांगावं तसं सांगत होती.

"रोज सकालचा पाटी घेवून दारान बसं. शिमगा गेला तरी बसं. मी बोलायची, जा ना सालंन, पोरं गेली सगली. तो बोले, गुरजी बोलवतील तवा जायाचा." तिनं ओठांवरचा घाम पुसला. "मंग एक दिस मी बोलली, अरं, गुरजी तुना इसरले. तं तो बोलला, नाय. गुरजी नाय इसरत."

असं म्हणून ती दाजीपंतांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला काय हवंय हे मला समजलं. एक मान हलवली असती तरी पुरलं असतं. कामात होतो, येणारच होतो, असं काहीही चाललं असतं. मी तर मनातल्या मनात पंतांसाठी शब्दसुद्धा जुळवले.

"मी विसरलो होतो," दाजीपंत म्हणाले.

मागून आलेल्या बायका आमच्या बाजूनं वाट काढून पुढे गेल्या. ती खाली मिठाकडे बघत उभी होती. मग तिनं वाकून टोपली उचलली.

"ह्ये भिकूला नका सांगू, गुरजी," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन ढिगाकडे गेली.